नाकापेक्षा पंचेचाळीस जड

पाईनी फोर्क, केंटकी
बुधवार दुपार, भांडी तशीच ठेवून

वेंडल भावजींना नेडीन वहिनीचा खुर्चीत बसल्या बसल्या नमस्कार.

तुमच्या पायाचा अंगठा आता कसा आहे? ओपल फोनवर सांगत होती की डॉक्टरांनी तुमची बिअर आणि डुकराचं मांस बंद केलं, म्हणून तुम्ही डॉक्टरच बंद केलात. ऐकून समाधान वाटलं. माणूस चाळीस वर्षं ओहायोत राहिला, कारखान्यात घासला, तरी टॅकेट घराण्याची अक्कल काही झिजली नाही म्हणायची. ओपलच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं हेही कळलं. आता ती तुम्हाला स्वच्छ बघू शकते, त्याबद्दल तिला माझी सहानुभूती सांगा. इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत. (ठीक या शब्दाचा अर्थ पत्र संपेपर्यंत थोडा बदलेल, पण सुरुवात चांगल्या शब्दाने करावी असं माझी आई म्हणायची.) घेवडा यंदा उतू गेला, एकोणतीस बरण्या भरून ठेवल्यात. कोंबड्या नेमाने अंडी घालताहेत. तुमच्या बंधुराजांची भूक उत्तम आहे, आवाज उत्तम आहे, आणि स्वतःच्या मतांबद्दलचा आदर तर दिवसेंदिवस वाढतच आहे.

फोन न करता पत्र का लिहिते असं विचाराल. फोन स्वयंपाकघरात आहे आणि हेही दिवसभर स्वयंपाकघरातच असतात. आणि मला जे सांगायचंय ते यांच्यासमोर सांगण्यासारखं नाही. आमच्या घरात गेले चार महिने दोनच प्रश्न आहेत. पलंगाशेजारच्या खणात कोणतं पिस्तूल ठेवायचं हा पहिला, आणि ते ठेवल्यावर त्याच पलंगावर मी कशी झोपायची हा दुसरा. पहिल्यावर अख्ख्या खोऱ्याने मत दिलं, पाद्रीसुद्धा सुटले नाहीत. दुसऱ्यावर मला अजून कुणी विचारलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

सुरुवात झाली शेजारच्या लॉन्झो स्लोनच्या करवतीपासून. मे महिन्यात त्याची झाडं कापायची करवत गोठ्यातून नाहीशी झाली. बातमी निघाली आणि वाटेत बाळसं धरत गेली. चर्चपाशी पोचली तेव्हा करवतीबरोबर ट्रॅक्टरही गेला होता, आणि बर्ल कॉडिलच्या दुकानात शिरली तेव्हा तोंडाला फडकी बांधलेली सहा जणांची टोळी थेट लेक्झिंग्टनहून आली होती. (तीन आठवड्यांनी कळलं की करवत लॉन्झोच्या जावयाकडे होती. लॉन्झोनेच ती दिली होती आणि देऊन विसरला होता. पण एकदा आलेल्या टोळीला परत कोण पाठवणार? ती अजून खोऱ्यातच आहे, फक्त कुणाला दिसलेली नाही.) त्या दिवशी जेवताना यांनी चमचा खाली ठेवला आणि जाहीर केलं, "नेडीन, घरात पिस्तूल पाहिजे." मी म्हटलं, "होतं की. तुम्हीच आपल्या रॉईसला दिलंत, तो शेरिफकडे डेप्युटी म्हणून लागला तेव्हा. फोटो काढून दिलंत." तर म्हणाले, "म्हणूनच. आता नवीन बघायला हवं." आणि एवढ्या वर्षांनी या घरात पुन्हा कॅलिबरचा विषय निघाला.

भावजी, तुम्हाला तो थँक्सगिव्हिंगचा दिवस आठवत असेलच. मला तर टर्कीचा रंगसुद्धा आठवतो. तुम्ही एक तंगडी पिस्तुलासारखी धरून उभे होतात आणि समोर हे दुसरी तंगडी धरून. तुम्ही म्हणालात, "दादा, तुझ्या पंचेचाळीसात गोळ्या मावतात सात. माझ्या नऊ एमएममध्ये पंधरा." हे म्हणाले, "मला सात पुरतात. पंधरा त्याला लागतात ज्याला नेम नाही." तुम्ही म्हणालात, "किंवा ज्याच्या घरी एकापेक्षा जास्त चोर येतात त्याला." यावर हे जे म्हणाले ते म्हणायला नको होतं. "वेंडल, तुझ्या घरात चोरून नेण्यासारखं आहे तरी काय?" तुम्ही कोट उचललात, ओपलने जेवणानंतरच्या गोडाचा भोपळा-पाय उचलला (तो माझ्या ताटलीत होता, ती ताटली अजून तुमच्याकडे आहे), आणि बत्तीस वर्षं झाली. तुम्ही दोघे सख्खे भाऊ तेव्हापासून भेटता ते फक्त मयताला, आणि तिथेही पेटीच्या दोन बाजूंना उभे राहून डोळे मिटल्या मिटल्या एक जण "नऊ" पुटपुटतो आणि दुसरा "पंचेचाळीस". तुमच्या आत्याच्या मयताला पाद्री ब्रदर एस्टिलना वाटलं तुम्ही स्तोत्रांचे आकडे सांगताय. त्यांनी पंचेचाळिसावं काढलं. ते लग्नाचं निघालं.

मी बाईमाणूस, मला यातलं काय कळणार, पण एवढी वर्षं ऐकून ऐकून एक गोष्ट कळली. कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी. नऊ मोजतात मिलिमीटरात आणि पंचेचाळीस मोजतात इंचाच्या शंभराव्या भागात. म्हणजे एकाने दूध लिटरने मोजायचं, दुसऱ्याने गाय फुटाने मोजायची, आणि कुणाचं जास्त यावर घर मोडायचं. दोन्हींतला खरा फरक मी एकदा शिवणाच्या पट्टीवर काढून बघितला. माझ्या करंगळीच्या नखाएवढाही नाही. तेवढ्या फटीत बत्तीस वर्षं बसवली तुम्ही दोघांनी.

तर दर गुरुवारी आम्ही बर्लच्या दुकानात जाऊ लागलो. तुम्ही गेलात तेव्हा तिथे बर्लचे वडील फक्त गळाची गांडुळं विकायचे. आता एका फ्रिजमध्ये गांडुळं आहेत, त्यावर शिकारीचे परवाने आहेत आणि भिंतभर पिस्तुलं टांगलीत. यांनी अर्थातच आधी पंचेचाळीस हातात घेतलं. या जातीच्या पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढून सोडावा लागतो, तेव्हा कुठे पहिली गोळी नळीत चढते. यांनी ओढलं. पुन्हा ओढलं. तोंड लाल झालं, मानेच्या शिरा वर आल्या, पण पिस्तूल हललं नाही. यांच्या बोटांचे सांधे आता आल्याच्या गड्ड्यासारखे झालेत, सकाळी शर्टाची बटणं मी लावते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, त्यातली गत. बर्ल पोरगा सालस आहे, नजर दुसरीकडे वळवून म्हणाला, "हॉलिसकाका, नऊ घ्या की. ओढायला हलकं, झटका कमी. पोलीससुद्धा बहुतेक तेच वापरतात." हे म्हणाले, "बर्ल, तुझ्या वडिलांना मी ओळखत होतो, म्हणून हे ऐकलंच नाही असं समजतो."

मग बर्लने एकेक करून सगळं खानदान बाहेर काढलं. बावीस दाखवलं. हे म्हणाले, बावीसने चोर मरत नाही, फक्त रागावतो. चाळीस दाखवलं, जे म्हणे दोन्ही पक्षांना मान्य व्हावं म्हणून निघालं. हे म्हणाले, ज्याला नऊही नको आणि पंचेचाळीसही नको असा माणूस मतदानालाही जात नसणार. तीनशे सत्तावन्न दाखवलं. त्याचा आवाज बर्लने तोंडाने करून दाखवला, तेवढ्यानेच फ्रिजमधली गांडुळं हलली असतील. शेवटी त्याने तीनशे ऐंशी काढलं, गुलाबी मुठीचं, आणि ते माझ्यासमोर ठेवलं. "काकू, हे बायकांत फार चालतं." मी विचारलं, "गुलाबी असलं की चोर लाजून मरतो का रे?" तो म्हणाला, तसं नाही, पर्समध्ये मावतं. माझ्या पर्समध्ये रुमाल, चष्मा, यांच्या गोळ्या (डॉक्टरच्या), यांचा दुसरा चष्मा आणि घरचा पत्ता लिहिलेलं कार्ड असतं. अजून काही मावायला जागा नाही असं मी सांगितलं.

दुसऱ्या गुरुवारी आम्ही पुन्हा गेलो. यांनी पुन्हा पंचेचाळीस उतरवायला सांगितलं, पुन्हा ओढलं, बर्लने नऊ सुचवलं आणि यांनी त्याच्या वडिलांना ओळखत असल्याचं सांगितलं. बावीस, चाळीस, सगळं तसंच्या तसं. तिसऱ्या गुरुवारी पुन्हा. चौथ्या गुरुवारी बर्ल मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, काका माझी परीक्षा घेताहेत का? दर वेळी पहिल्यापासून सुरू करतात." मी म्हटलं, "हो, ते फार चौकस आहेत." एवढी कसून चौकशी त्यांनी माझ्याशी लग्न करतानाही केली नव्हती. (तेव्हा केली असती तर दोघांचंही भलं झालं असतं.)

मधल्या काळात ब्रदर एस्टिल समजूत घालायला आले. म्हणजे मला वाटलं समजूत घालायला आलेत. चहा, सफरचंदाचा केक, छोटीशी प्रार्थना, आणि मग त्यांनी पायावर पाय टाकून विजार वर केली, तर मोज्याशेजारी रिव्हॉल्वर. "हॉलिसभाऊ, अडतीस घ्या. ओढायची भानगड नाही, चाप दाबला की सुटली. परमेश्वर रक्षण करतो, पण त्याला खूप घरं बघायची असतात." आता हेच ब्रदर एस्टिल जूनमध्ये ओढ्यात बाप्तिस्मा द्यायला उतरले होते. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांनी स्लोनांच्या थोरल्या सुनेला मागे कलवलं, आणि स्वतःच थबकले, कारण घोट्याला बांधलेलं अडतीस सोडायचं राहिलं होतं. सून पाण्याखाली, पाद्री विचारात. ती फुगे सोडत वर आली तेव्हा म्हणाली, देव दिसला. दिसणारच. तर त्या दिवशी एका पापी बाईबरोबर एका अडतीसाचाही उद्धार झाला आणि तेव्हापासून ते गंजतंय. एवढं सगळं माहीत असूनही हे ब्रदर एस्टिलना म्हणाले, "विचार करतो." मला जरा आशा वाटली. संध्याकाळी विचारलं, तर म्हणाले, "कोण एस्टिल?"

मग बर्लने ठरवलं की प्रयोग करून सोक्षमोक्ष लावू. तो म्हणाला, माणसाच्या मांसाशी सगळ्यांत जवळचं मांस डुकराचं. (बर्लकडे बघून मला शंका आली नाही.) यांनी धुरीच्या खोपटात जाऊन माझा हॅम आणला. भावजी, तुमच्या आईच्या पद्धतीने मिठात मुरवलेला, हिकरीच्या लाकडाच्या धुरात अकरा महिने टांगलेला, नाताळासाठी ठेवलेला हॅम. तो त्यांनी अक्रोडाच्या फांदीला दोरीने बांधला. मी म्हटलं, "अहो, या हॅमने काय चोरी केली?" दोघांनीही ऐकलं नाही, कारण दोघांनीही कानात बोळे घातले होते. बर्लने नऊ झाडलं. मग पंचेचाळीस ओढून यांच्या हातात दिलं, यांनी झाडलं. नेम अजून चोख आहे हे मी कबूल करते, हात थरथरतात पण चाप दाबताना थांबतात. फक्त रिकामं काडतूस बाहेर उडालं ते बाजूला उभ्या असलेल्या माझ्या झग्याच्या गळ्यातून सरळ आत. तव्यावरच्या नाण्यासारखं तापलेलं. बॅप्टिस्ट बाईने नाचू नये असा आमच्यात दंडक आहे. मी तो अक्रोडाखाली भर दुपारी मोडला, आणि लॉन्झो स्लोन कुंपणापलीकडून बघत होता.

प्रयोगाचा निकाल असा. नऊने हॅमला भोक पाडलं. पंचेचाळीसनेही हॅमला भोक पाडलं. दोघांनी बोटं घालून अर्धा तास अभ्यास केला आणि दोघांनाही आपापलंच म्हणणं सिद्ध झालेलं दिसलं. हॅम मी धुतला, चिरला आणि चर्चच्या जेवणाला नेला. टाकून द्यायला मी काही ओहायोची नाही. ब्रदर एस्टिलनी दोनदा वाढून घेतला आणि तिसऱ्या घासाला त्यांच्या दातांखाली कडक काहीतरी आलं. त्यांनी ते बशीत काढून ठेवलं, आणि सगळ्या टेबलाने मान पुढे काढून बघितलं. आणि तुम्हाला वाटेल, मंडळी विचारतील की हॅममध्ये गोळी कशी आली. नाही. पहिला प्रश्न आला तो असा: "कितीची आहे?"

शेवटी पंचेचाळीसच घेतलं, हे सांगायला नकोच. मग घरात नवी शिस्त सुरू झाली. संध्याकाळी जेवण झालं की मी बरण्यांची झाकणं उघडायचं रबर घ्यायचं, पिस्तूल पोटाशी धरायचं, मागे ओढून सोडायचं आणि यांच्या हातात द्यायचं. म्हणजे आमचं संरक्षण हे करतात, फक्त चोराने जेवणानंतर यावं आणि मी घरी असताना यावं. हा सगळा खटाटोप मी बिनबोभाट केला, कारण रोज संध्याकाळी ते हातात आलं की हे पाच मिनिटं पूर्वीसारखे दिसतात, खांदे मागे आणि हनुवटी वर, कोळशाच्या खाणीतली पाळी संपवून घरी येणारा तो माणूस. तेवढ्यासाठी मी डोंगरसुद्धा ओढला असता.

पण खणात ठेवलेलं पिस्तूल खणात सापडेल तर शपथ. एकदा पिठाच्या डब्यात निघालं. एकदा पोस्टाच्या पेटीत, आणि पोस्टमनने वाकून नमस्कार केला. मागच्या आठवड्यात अंड्यांच्या खोक्यात सहा अंडी आणि सहा काडतुसं निघाली. नीट रांगेत, एकाआड एक. मी अंडी उकडायला घेतली ती मोजून घेतली.

असो. इकडचं हे असं चाललंय. तुम्ही मोठ्या गावात राहता, तुम्हाला असल्या करमणुकी कुठल्या. तुमच्या नातीला माझे आशीर्वाद, आणि तुमच्या अंगठ्याला विचारलंय म्हणून सांगा.

तुमची वहिनी,
नेडीन

ता. क. भोपळ्याच्या पायची ती ताटली परत पाठवा. निळी फुलं आहेत. ओपल म्हणेल तिचीच आहे, तिकडे लक्ष देऊ नका.

ता. क. २. ताटली पाठवू नका, घेऊन या. या शनिवारी. आता मी नीट सांगते, थट्टा संपली.

जुलैमध्ये लेक्झिंग्टनच्या डॉक्टरांनी यांच्या डोक्याचे फोटो काढले. दुखण्याचं नाव लांबलचक आहे. अर्थ एवढाच की आजचं आधी जातं, कालचं मग, आणि खूप जुनं शेवटपर्यंत राहतं. मी कुणाला सांगितलं नाही, रॉईसशिवाय. मागच्या मंगळवारी दुपारी चार वाजता मी कोंबड्यांकडून परत येत होते, ओच्यात अंडी. पायरीवर हे उभे होते, पिस्तूल माझ्याकडे रोखून. अगदी अदबीने म्हणाले, "बाई, तिथंच थांबा. आत माझी बायको आहे. ती एकटी असते, घाबरेल. तिच्यापर्यंत मी कुणाला जाऊ देणार नाही." एक्कावन्न वर्षांत हा माणूस माझ्यासाठी कधी कुणाशी भांडला नव्हता. भांडला तो माझ्याशीच. पिस्तूल भरलेलं होतं, आदल्या संध्याकाळी मीच ओढून दिलं होतं. मी म्हटलं, "मी नेडीनला अंडी द्यायला आलेय." म्हणाले, "ठेवा तिथं. सांगतो तिला." मी अंडी पायरीवर ठेवली आणि कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन बसले, हाक येईपर्यंत. हाक आली, "नेडीन, कुणी बाई अंडी ठेवून गेलीय बघ. बरी होती बिचारी." मी घाबरले, भावजी. खूप घाबरले. यांना नाही, गोळी सुटली असती तर शुद्धीवर आल्यावर यांना जे दिसलं असतं, त्याला.

त्या दिवसापासून रबर हरवलं म्हणून सांगते. पण परवा यांनी पिस्तूल कुंपणाच्या खांबाला टेकवून रेटलं, आणि ते सरकलं. गोळ्या मी लपवल्या तर बर्लकडून नव्या आणल्या. बर्लला मी आता सांगितलंय, तो रडला. रॉईस आला, म्हणाला, "बाबा, ते माझ्याकडे द्या." यांनी पोटच्या मुलाला आवाराबाहेर काढलं. बरोबर आहे. तुम्हाला इथली रीत माहीत आहे. माणसाचं पिस्तूल काढून घेता येत नाही, शेरिफला नाही, मुलाला नाही आणि बायकोला तर नाहीच. पण भावाने अडचणीत उसनं मागितलं आणि दिलं नाही असं पाईनी फोर्कमध्ये कधी झालेलं नाही. तुमच्या वडिलांनी तर ज्याच्याशी बांधावरून कोर्टात भांडत होते त्यालाच स्वतःची बंदूक दिली होती, त्याच्या कोंबड्यांवर कोल्हा पडला म्हणून.

म्हणून तुम्ही यायचं. अंगणात उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "दादा, आमच्या गल्लीत चोऱ्या व्हायला लागल्यात. माझ्या नऊने काही भागत नाही. तुझं बरोबर होतं. तुझं पंचेचाळीस मला दे." तुझं बरोबर होतं, हे शब्द गाळायचे नाहीत. ते ऐकायला हा माणूस बत्तीस वर्षं थांबलाय, त्याबदल्यात तो घरसुद्धा देईल. तुम्हाला ते जड जाईल हे मला माहीत आहे. तुमच्या घशात ते अडकेल. बरोबर ओपलला आणा, ती पाठीत बुक्का मारेल.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होते तर हे मागे येऊन उभे राहिले. कुणाला लिहितेस म्हणाले. मी म्हटलं, वेंडलला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हसले आणि म्हणाले, "त्याला लिही, त्याचं नऊसुद्धा काही वाईट नव्हतं."

भावजी, शनिवार खोडा. पत्र हातात पडताच निघा.